क्रूपिए म्हणजे नेमकं कोण? बायोडेटात काय लिहू?

सक्करदरावाला
नमस्कार मंडळी. विषय गंभीर आहे, म्हणजे माझ्या ताईसाठी गंभीर आहे, बाकीच्यांनी करमणूक समजून वाचा. माझा भाचा, ताईचा थोरला, हॉटेल मॅनेजमेंट करून गेली तीन वर्षं गोव्यात मांडवी नदीत उभ्या असलेल्या एका कॅसिनो बोटीवर कामाला आहे. पगार चांगला, पोरगा निर्व्यसनी, चहासुद्धा अर्धा कप. आता लग्नाचं बघणं सुरू झालंय आणि बायोडेटात 'नोकरी' या रकान्यापाशी गाडी अडली आहे. त्याच्या अपॉइंटमेंट लेटरवर लिहिलंय 'क्रूपियर', म्हणजे कॅसिनोच्या टेबलावर पत्ते वाटतो, पैसे देतो-घेतो तो. मागच्या रविवारी धरमपेठेतून एक स्थळ आलं होतं, मुलीच्या काकांनी विचारलं मुलगा काय करते, ताई म्हणाली क्रूपियर आहे, तर ते म्हणाले वा वा, कुरियरमध्ये आजकाल बराच स्कोप आहे. ताईने मान डोलावली आणि पोहे पुढे केले. रात्री मला फोन, दादा तू काहीतरी मराठी शब्द शोधून दे.

तर मला दोन गोष्टी हव्यात. एक, हा शब्द आला कुठून. दोन, मराठीत काय म्हणायचं.

आणि एक अवांतर. हा पोरगा सुट्टीवर आला की जेवून पाटावरून उठताना दोन्ही हात एकमेकांवर घासतो, तळवे वर करून दाखवतो, मग पालथे करून दाखवतो आणि मगच हात धुवायला जातो. कोणाला दाखवतो देव जाणे. आम्ही सगळे बघत राहतो.

तर्रीबाज
काहून बे, पत्ते वाटणारा लिहून टाक नं सरळ. आमच्या गल्लीत पोळ्याच्या रात्री असे पन्नास क्रूपियर बसतात, एकालाही लेटर नाही भेटलं आजपर्यंत.

सक्करदरावाला
@तर्रीबाज हेच लिहिलं तर स्थळ येईल का बाप्पा, घरी पोलीस येतील.

फ्रेंचवाली
माझ्या आवडीचा शब्द आला म्हणून इतक्या महिन्यांनी लॉगिन केलं. आधी उच्चार. शेवटचा 'र' म्हणायचा नाही. क्रूपिए, किंवा फ्रेंच लोक म्हणतात तसं क्रूप्ये. त्यामुळे कुरियरवाल्या काकांची चूक अर्धी स्पेलिंगची आहे.

आता मूळ. फ्रेंचमध्ये 'क्रूप' म्हणजे घोड्याचा मागचा भाग, पाठीच्या शेवटी जो गोल गरगरीत भाग असतो तो. घोडेस्वाराच्या मागे त्या क्रूपवर दुसरा माणूस बसला की तो 'आं क्रूप' बसला असं म्हणत. आणि असा मागे बसणारा तो क्रूपिए. पत्ते नाहीत, पैसे नाहीत, फक्त घोडा आणि त्यावरचा दुसरा माणूस.

मग हा शब्द घोड्यावरून उतरून जुगाराच्या टेबलाशी आला. सतराव्या शतकात पॅरिसमध्ये पत्ते आणि फाशांचं वेड होतं. डाव खेळणारा मोठा माणूस समोर बसायचा आणि त्याच्या मागे त्याचा जोडीदार उभा, सल्ला द्यायला, पैसा पुरवायला, जिंकलं तर वाटा घ्यायला. लोक त्यालाही क्रूपिए म्हणायला लागले, म्हणजे याच्या घोड्यावर मागे बसलेला. फ्रेंच अकादमीच्या १६९४ च्या कोशात हाच अर्थ आहे, पत्ता किंवा फासा ज्याच्या हातात आहे त्याच्याशी खेळात भागी असलेला माणूस.

नंतर हा मागे उभा राहणारा हळूहळू पैसे गोळा करायला, द्यायला पुढे आला आणि टेबलाचाच माणूस झाला. इंग्रजीत हा शब्द गेला तेव्हा १७३१ पर्यंत टेबलावरचे पैसे ओढून घेणारा हा अर्थ पक्का झाला होता. म्हणजे जो खेळाडूच्या पाठीशी होता तो आता खेळाडूच्या समोर उभा आहे. मला हे वळण फार आवडतं.

बर्डीचा बोका
म्हणजे क्रूपिए म्हणजे डबलसीट!!! 😂

फ्रेंचवाली
@बर्डीचा बोका अगदी. याहून चांगलं भाषांतर मी वर्गात पंधरा वर्षांत केलेलं नाही.

तर्रीबाज
मग आमच्या नागपुरात तर ट्रिपल सीट क्रूपिए पण आहेत, व्हरायटी चौकात मामाने पकडले की तिघंही उतरून ढकलत नेतात.

जुनी शुक्रवारी
घोड्याच्या त्या भागाला मराठीत स्वच्छ शब्द आहे, पुठ्ठा. रद्दीवाला पुठ्ठा वेगळा. आमच्याकडे काटोलला शेती होती, पोळ्याला बैलांच्या शिंगांना बेगड लावायची आणि पुठ्ठ्यावर गेरूचे ठिपके द्यायचे, ते काम आम्हा पोरांकडे असायचं कारण मागून लाथ बसली तर मोठ्यांना लागायला नको 🙂. घोड्याच्या शेपटीखालून जो पट्टा खोगिराला बांधतात त्याला दुमची म्हणतात, आणि इंग्रजीत त्या पट्ट्याला जो शब्द आहे, क्रपर, तो याच क्रूपवरून आला.

तेव्हा सक्करदरावाले, शब्दशः भाषांतर हवं असेल तर भाचा 'पुठ्ठेकरी' आहे.

सक्करदरावाला
ताईला दाखवलं. ती म्हणाली दादा, तू पुन्हा फोन करू नको.

पेठेतला
मला वाटतं सगळे उगाच घोड्याच्या मागे लागलात (अक्षरशः). साधी गोष्ट आहे, क्रूपिएच्या हातात लांब दांड्याचं दाताळं असतं, त्याने तो हरलेल्या चिप्स (पैशांऐवजी लावतात त्या चकत्या) ओढून घेतो, जसं शेतातलं पीक ओढून गोळा करतात. इंग्रजीत पीक म्हणजे क्रॉप. क्रॉपवरून क्रूपिए. हे मी पूर्वी कुठेतरी वाचलंय सुद्धा.

फ्रेंचवाली
@पेठेतला नाही हो. शब्द फ्रेंचमधून तयार होऊन इंग्रजीत गेला, त्यात दाताळं कुठे नव्हतं, मागे उभ्या राहणाऱ्या जोडीदाराच्या हातात दाताळं कशाला येईल? पण गंमत अशी की तुम्ही पूर्ण चुकलेले नाही. फ्रेंच 'क्रूप' हा जर्मानिक कुळातून आलेला शब्द, मूळ अर्थ गोळा, गाठ, फुगलेला भाग, धड. इंग्रजी 'क्रॉप' त्याच कुळातला, पिकाच्या आधी त्याचा अर्थ पक्ष्याच्या गळ्याखालची पिशवी आणि झाडाचा शेंडा असा होता. 'ग्रुप' सुद्धा इटालियनमधून फिरून आलेला, पण मूळ तेच मानतात. म्हणजे क्रूपिए, क्रॉप आणि तुमचा व्हॉट्सॅप ग्रुप हे लांबचे चुलत भाऊ. फक्त बाप-लेक नाहीत.

पेठेतला
म्हणजे मी बरोबर होतो.

तर्रीबाज
पुण्याच्या माणसाला चुलत भाऊ दिला तरी तो सातबाऱ्यावर नाव चढवून घेते.

निवृत्त कारकून
मंडळी, इतक्या गप्पात कोणी आपल्याकडच्या शब्दांकडे बघितलं नाही. जुगार काय फ्रान्समधून आला आहे का आपल्याकडे? ऋग्वेदाच्या दहाव्या मंडळात एक अख्खं सूक्त हरलेल्या जुगाऱ्याच्या रडगाण्याचं आहे (१०.३४). राजसूय यज्ञात राजा ज्यांच्या घरी जायचा त्या रत्नींमध्ये एक 'अक्षावाप' असायचा, म्हणजे फाशांचा अधिकारी. कौटिल्याकडे द्यूताध्यक्ष आहे, तो जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच घेतो आणि वर फाशांचं भाडं वेगळं.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो 'सभिक'. जुगाराची सभा चालवतो तो सभिक. याज्ञवल्क्यस्मृतीत त्याचं कामही दिलंय आणि दरही दिलाय, शंभर किंवा जास्त जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच, बाकीच्यांकडून शेकडा दहा, आणि त्या बदल्यात राजाचा हिस्सा राजाला पोचवायचा, हरलेल्याकडून वसूल करायचं आणि जिंकलेल्याच्या हातात द्यायचं. आता सांगा, भाचा बोटीवर दुसरं काय करतो?

मृच्छकटिकाच्या दुसऱ्या अंकात माथुर नावाचा सभिक आहे. दहा सुवर्ण हरून पळालेला संवाहक, म्हणजे अंग चेपून देणारा मालिशवाला, रिकाम्या देवळात शिरून मूर्तीसारखा उभा राहतो. माथुर आणि दुसरा जुगारी आत येतात, मूर्ती हलवून हलवून बघतात, ओळखतात की ही मूर्ती नाही, पण तसं न दाखवता तिथेच समोर बसून फासे टाकायला लागतात. फाशांचा आवाज ऐकून त्या 'मूर्ती'ला राहवत नाही. दीड-दोन हजार वर्षं झाली या गोष्टीला आणि माणूस अजून तसाच आहे, पोळ्याला बघतोच आपण.

जुनी शुक्रवारी
@निवृत्त कारकून फार छान, पण सभिक म्हणजे अड्ड्याचा मालक झाला. भाचा मालक नाही, पगारी माणूस आहे. रूलेटचं चाक (गोळी फिरवून आकडा काढतात ते) त्याचं नाही, चिप्स त्याच्या नाहीत. बायोडेटात सभिक लिहिणं म्हणजे बँकेतल्या कॅशियरने सावकार लिहिण्यासारखं. अक्षावाप जास्त जवळचा, पण तो राजाचा अधिकारी, आणि तुमच्या वधूपित्याला तो पाणबुडीचा प्रकार वाटेल.

फ्रेंचवाली
मला महाभारत आठवलं. सभापर्वात दुर्योधन म्हणतो धन-रत्नं मी देईन, माझ्यासाठी खेळेल शकुनी मामा. आणि युधिष्ठिर तिथेच म्हणतो की एकाच्या वतीने दुसऱ्याने खेळणं मला विषम वाटतं. पैसा एकाचा, हात दुसऱ्याचा. फक्त इथे उलट, मागे बसलेला दुर्योधन आणि पुढे शकुनी. त्या १६९४ च्या अर्थाने दुर्योधन हा क्रूपिए झाला!

आणि हा जुना भागीदाराचा अर्थ मेलेला नाही बरं. फ्रान्सच्या कंपनी कायद्यात आजही 'क्रूपिएचा करार' असा प्रकार आहे. एखादा भागीदार आपल्या शेअरच्या नफ्या-तोट्यात बाहेरच्या तिसऱ्या माणसाला वाटा देतो, कंपनीच्या लेखी तो माणूस भागीदार नसतो, तो फक्त या भागीदाराच्या घोड्यावर मागे बसलेला. वकील लोक हे गंभीर चेहऱ्याने लिहितात.

स्कॉटलंडमध्ये तर आणखी मजा, तिथे मोठ्या मेजवानीत अध्यक्ष टेबलाच्या वरच्या टोकाला आणि त्याचा मदतनीस खालच्या टोकाला बसायचा, त्याला क्रूपिए म्हणत. म्हणजे पंगतीच्या शेवटी उभं राहून इकडे मठ्ठा आणा, इकडे भात आणा ओरडणारे आपले काका.

बर्डीचा बोका
माझा सख्खा काका क्रूपिए आहे हे आज कळलं.

गोरेवाड्याचा वाघ
वडील पोलिसात होते, हवालदार म्हणून रिटायर झाले, त्यामुळे या विषयात माझं बालपण गेलंय म्हणा नं. छाप्याच्या पंचनाम्यात ठरलेली भाषा असते, 'एक्का बादशाह नावाचा हारजीतचा जुगार खेळताना मिळून आले', मग ५२ पत्ते, रोख, मोबाईल, मोटरसायकली, आणि कायदा तोच १८८७ चा जुगार प्रतिबंधक. त्यात एक शब्द हमखास यायचा, 'नाल'. अमुक इसम स्वतःच्या फायद्यासाठी नाल काढून जुगार खेळवीत होता. जागा देणारा, पत्ते देणारा, चहा-खर्रा मागवणारा जो असते तो प्रत्येक डावातून थोडे पैसे बाजूला काढते, ती नाल. त्याच्यापाशी पत्ते नसतात, तो खेळत नाही, फक्त बसून असते. रात्रीतून दहा जण हरतात, दोघं जिंकतात, नालवाला कधीच हरत नाही.

आता गंमत पहा, नाल म्हणजे घोड्याच्या टापेला ठोकतात ती पण नाल. तिकडे क्रूपिए घोड्याच्या मागून आला, इकडे आपली कमाई घोड्याच्या पायाखालून.

फ्रेंचवाली
@गोरेवाड्याचा वाघ वा!! आणि इंग्रजीत पोकरच्या टेबलावर घर, म्हणजे कॅसिनो, जो कट घेतं त्याला 'रेक' म्हणतात, म्हणजे दाताळं. पेठेतले, हे घ्या, तुमचं दाताळं मिळालं शेवटी.

पेठेतला
मी आधीच म्हणालो होतो.

निवृत्त कारकून
नालवाल्याचा हिशोब चाकावर कसा बसतो तेही लिहितो, कारण लोकांना वाटतं क्रूपिए हातचलाखी करून जिंकवतो-हरवतो. रूलेटच्या युरोपियन चाकावर ० ते ३६ असे ३७ खाने. एका आकड्यावर लावलं आणि आला तर एकास पस्तीस मिळतात. खाने ३७ आणि देतात ३५ अधिक तुमचा मूळ एक, म्हणजे ३६. जो एक राहिला ती घराची नाल, शेकडा २.७०. अमेरिकन चाकावर शून्यं दोन, खाने ३८, देणं तेवढंच, मग नाल होते शेकडा ५.२६. याज्ञवल्क्याचे पाच टक्के आठवा. पोरगा काहीही न करता नुसती गोळी फिरवत राहिला तरी घराचं पोट भरतं, त्याला चलाखी करायची गरजच नाही.

सक्करदरावाला
सगळ्यांचे आभार, वाचून मी स्वतःच हुशार झालो असं वाटतंय. काल भाच्याला व्हिडिओ कॉल केला आणि हे सगळं सांगितलं. त्याला घोड्याचं काहीच माहीत नव्हतं, तो म्हणाला मामा बोटीवर आम्ही एकमेकांना डीलरच म्हणतो, क्रूपियर फक्त कागदावर.

मग त्याने त्याच्या ट्रेनिंगचं सांगितलं ते इथे लिहितो. पहिले कित्येक दिवस पत्त्याला हात नाही, फक्त चिप्स. वीस-वीसची चळत एका हाताने न मोजता, बोटांच्या अंदाजाने पाडायची. आणि पाढे!! एका आकड्याला ३५ पट, दोन आकड्यांच्या रेषेवर ठेवलं तर १७ पट, तिघांत ११, चौघांत ८, सहांत ५. त्यामुळे पस्तिसाचा आणि सतराचा पाढा झोपेत आला पाहिजे. बाकी पोरं रडकुंडीला आली पण हा पहिल्या आठवड्यात पुढे गेला, कारण आमचे आबाजी. आबाजी महालातल्या धान्याच्या दुकानात मुनीम होते आणि त्यांनी याला लहानपणी पावकी, निमकी, दीडकी, औटकी सगळं घोकून घेतलं होतं, तेव्हा आम्हीच हसायचो की हे कशाला पाहिजे आता. औटकी म्हणजे साडेतीनाचा पाढा. साते औटं साडेचोवीस. कोणी आकड्यावर सात चिप्स लावल्या की हा मनात साडेचोवीस म्हणतो, दशांश सरकवतो, दोनशे पंचेचाळीस, बारा चळती आणि वर पाच, हात चालू. सुपरवायझरने विचारलं म्हणे कुठून शिकलास. सांगितलं, ग्रँडफादर.

जुनी शुक्रवारी
डोळ्यात पाणी आलं राव. औटकी रूलेटवर! आमच्या गुरुजींनी हे ऐकायला हवं होतं.

फ्रेंचवाली
आणि हात दाखवण्याचं कोडं सुटलं का? ते त्यांच्या कामाचंच आहे. टेबल सोडताना डीलरला हात झटकून, तळवे वर आणि पालथे करून दाखवावे लागतात. वरच्या कॅमेऱ्याला दिसलं पाहिजे की चिप हातात लपवलेली नाही.

सक्करदरावाला
हो हो, तेच म्हणाला. आम्हाला वाटायचं पोराला काही झालंय, ताईने तर एकदा नजर पण उतरवली होती त्याची. म्हणाला सुरुवातीला मुद्दाम लक्षात ठेवावं लागायचं, आता लक्षात न ठेवता होतं, एटीएममधून निघतानासुद्धा.

बर्डीचा बोका
पण नोकरी नागपुरात का नाही मग? आपल्याकडे कॅसिनोचा कायदा झाला होता असं ऐकलं होतं.

गोरेवाड्याचा वाघ
@बर्डीचा बोका झाला होता, १९७६ ला महाराष्ट्र विधिमंडळाने पास केला, पण लागूच केला नाही कधी. सत्तेचाळीस वर्षं कागदावर पडून राहिला आणि २०२३ मध्ये रद्द करून टाकला. गोव्याचा मूळ कायदा पण १९७६ चाच, त्यांनी १९९२ ला पंचतारांकित हॉटेलात जुगाराच्या मशीनला वाट दिली आणि १९९६ ला बोटींना. आणि फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोवेकरांना तिथे खेळायला बंदी आहे. म्हणजे खेळायला नागपूरचा जाते, वाटायला पण नागपूरचा जाते, गोव्याची फक्त नदी.

जुनी शुक्रवारी
मूळ प्रश्नावर या. मला एक शब्द सुचलाय, 'खवास'. हत्तीच्या अंबारीत सरदाराच्या मागे जो सेवक बसायचा तो खवास, आणि त्या मागच्या जागेला खवासखाना म्हणत. भोसल्यांच्या नागपुरात हत्तींची काय कमी. क्रूपिए म्हणजे मागे बसणारा, खवास म्हणजे मागे बसणारा, फ्रेंचांचा घोडा तर आपला हत्ती!

तर्रीबाज
आणि मुलीकडचे विचारतील खवासखाना किती स्क्वेअर फूट आहे.

सक्करदरावाला
(बऱ्याच दिवसांनी धागा वर काढतोय, माफी.)

शेवटी बायोडेटात ताईने 'कॅसिनो डीलर, गोवा' असंच लिहिलं. शब्द कोणताही घातला तरी समजावून सांगावं लागणारच, मग सरळ सांगू म्हणाली. दोन स्थळांनी फोन उचलणं बंद केलं. तिसरं वर्ध्याचं, मुलगी सीए करते, तिला घरी यायच्या आधीच चिप्सचे पाढे कळले होते, कारण ताईने बायोडेटासोबत आबाजींचा किस्सा पण व्हॉट्सॅपवर पाठवला होता.

रविवारी ते लोक आले. पोहे झाले, कोणाला काही बोलायला सुचेना. मुलीची आजी, ऐंशीच्या पुढची, एकदम म्हणाली पत्ते आहेत का घरी, बदाम सात खेळू, पाहू तर द्या हा काय करते. ताईचा चेहरा बघण्यासारखा. पोराने कपाटातून जुना कॅट काढला, दोन पत्ते कमी होते म्हणून कॅलेंडरचा पुठ्ठा कापून केलेले (हो, पुठ्ठा), आणि असा पिसला की मुलीचा भाऊ मोबाईल खाली ठेवून बघायला लागला. आजी दोन डाव जिंकल्या. त्याने हरवू दिलं असं मला वाटतं, तो नाही म्हणतो.

मग उठताना झालंच. हात घासले, तळवे वर, तळवे पालथे. आजींनी विचारलं हे काय केलं रे बाळा. त्याने सांगितलं, आजी, तुमचा पत्ता घेऊन नाही चाललो एवढं दाखवलं. आजींनी त्याचे दोन्ही हात धरले, चष्मा वर करून नीट पाहिले, उलटसुलट, आणि सुनेला म्हणाल्या चहा पुन्हा ठेवायला सांगा.

तर्रीबाज
मग? होकार आला का?? भाऊ असं मधात नको सोडू.

सक्करदरावाला
चहा अजून चालू आहे. वर्ध्याला आम्हाला पुढच्या शनिवारी बोलावलंय, आजींनी सांगितलंय येताना चांगला कॅट घेऊन या, बावन्नच्या बावन्न पाहिजेत.